तेरीज जुळली, तरी ९,४५० रुपये येणे

लालबागच्या शाखेत संध्याकाळची तेरीज जुळली होती. जमा आणि नावे, दोन्ही बाजू पैशापर्यंत सारख्या. तरी रोखपाल काका उठेनात, कारण काळाचौकीच्या चाळींतून रोजच्या ठेवींची वसुली आणणाऱ्या पिग्मी एजंटच्या खात्यावर ९,४५० रुपये येणे दिसत होतं. एजंटने तेवढी रक्कम काउंटरवर भरली होती. नोटा मोजून पेटीत गेल्या होत्या. काकांनी अंधेरीला, सॉफ्टवेअर कंपनीत फोन लावला. "मॅडम, तेरीज जुळते हो. पण हा माणूस आपलं काही देणं लागत नाही, आणि तुमचं मशीन म्हणतंय लागतो." फोन घेणाऱ्या टेस्टर मॅडमच्या कामांच्या बोर्डावर पावत्या पाठवण्याचं कार्ड दोन महिन्यांपूर्वीच 'झालं'च्या रकान्यात गेलं होतं.

हे प्रकरण कुठल्या एका कंपनीचं नाही. मुंबईत पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या छोट्या टीमांत जे पुन्हा पुन्हा घडतं ते एकत्र करून उभं केलं आहे, आणि आकडे हिशोब डोळ्यांसमोर राहावा म्हणून घेतले आहेत. वाद मात्र खराखुरा आणि रोजचा आहे: अजाइलने, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बनवून वापरणाऱ्यांच्या अभिप्रायावर सुधारत नेण्याच्या पद्धतीने, काम सुधारतं, की नुसत्या मीटिंगा वाढतात?

परिस्थिती अशी. आठ शाखांच्या पतसंस्थेला दैनंदिन ठेवीसाठी नवं मोबाइल अॅप आणि त्यामागची हिशोबाची बाजू हवी होती. करार ठरावीक रकमेचा, सोबत १४० पानी गरजपत्रक. टीम नऊ जणांची: पाच डेव्हलपर, दोन टेस्टर, प्रॉडक्ट ओनर (कुठलं काम आधी ते ठरवणारा) म्हणून नेमलेला बिझनेस अॅनालिस्ट, आणि कालपर्यंत टीम लीड असलेला स्क्रम मास्टर, म्हणजे टीमला स्क्रम ही अजाइलची चौकट पाळायला मदत करणारा. जूनपासून दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे ठरावीक टप्पे, सुरू झाले. ऑगस्टअखेर सहा स्प्रिंट संपले तेव्हा व्हेलॉसिटीचा, म्हणजे दर स्प्रिंटला जमा धरलेल्या पॉइंटांचा, आलेख ३१ वरून ५८ वर चढला होता. मॅनेजर खूश होते. आठपैकी एकाही शाखेत एकही पावती फाटली नव्हती.

आधी तो आलेख सोडवू. पॉइंट म्हणजे कामाच्या आकाराचा टीमने लावलेला अंदाज. पहिल्या स्प्रिंटमध्ये ९ कार्डांचे ३१ पॉइंट, म्हणजे कार्डामागे साधारण साडेतीन. सहाव्यात कार्डं पुन्हा ९, पॉइंट ५८, म्हणजे कार्डामागे जवळजवळ साडेसहा. काम तेवढंच, भाव दुप्पट. यात कुणी लबाडी केली असं नाही. दर पंधरवड्याला "मागच्यापेक्षा किती वाढले?" असं विचारलं की अंदाज देणारा माणूस आपोआप सैल हाताने आकडा टाकतो. पहिल्या स्प्रिंटमध्ये पावती छापण्याचं काम २ पॉइंटचं होतं, सहाव्यात खातेउतारा छापण्याचं तितकंच काम ५ चं झालं. शेजारच्या टीमची व्हेलॉसिटी ७० असल्याचं कुणीतरी मीटिंगमध्ये बोलून गेलं, त्याचाही हातभार लागलाच. स्टोरी पॉइंट हे त्या त्या टीमचं घरगुती माप आहे. दोन घरांतल्या वाट्या एका मापाच्या नसतात, तसंच हे.

दुसरी गोम मोजण्यात होती. कार्ड टेस्टिंगच्या रकान्यात सरकलं की पॉइंट जमा धरत होते. डेव्हलपर स्प्रिंटला ९ कार्डं पुढे ढकलत, टेस्टरांच्या हातून ६ बाहेर पडत. सहा स्प्रिंटांत ५४ आत आणि ३६ बाहेर, म्हणजे १८ कार्डं टेस्टिंगमध्ये तुंबलेली. शिवाय ६ अर्धवट हातात. घोडं पेंड खात होतं ते इथे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांबद्दलचा जो नियम सिद्ध केला, त्यावरून इथे ढोबळ अंदाज येतो: सरासरी प्रतीक्षा म्हणजे रांगेतली कामं भागिले बाहेर पडण्याचा वेग. २४ भागिले ६, म्हणजे ४ स्प्रिंट. आज हाती घेतलेलं कार्ड सरासरी आठ आठवड्यांनी पूर्ण होणार. दोन आठवड्यांचा स्प्रिंट म्हणजे दर दोन आठवड्यांनी काहीतरी तयार, या समजुतीत सगळे होते आणि गणित आठ आठवडे म्हणत होतं.

मीटिंगांबद्दलची तक्रार खरी होती. उभ्याउभ्याची पंधरा मिनिटांची बैठक ४५ मिनिटं चाले, म्हणजे दहा दिवसांत साडेसात तास. प्लॅनिंग ४ तास, पुढच्या कामांची छाननी ३, झालेलं काम दाखवण्याचा रिव्ह्यू २, कामाच्या पद्धतीचा आढावा घेणारा रेट्रो १, आणि मॅनेजरसाठी आठवड्यातून दोनदा तासाभराचा स्टेटस कॉल, त्याचे ४. एकूण साडेएकवीस. माणशी ८० तासांच्या पंधरवड्यात हा चौथ्या हिश्शाहून जास्त वेळ झाला. स्क्रम गाइड या स्क्रमच्या नियमपुस्तिकेतल्या मर्यादा बघितल्या तर महिन्याच्या स्प्रिंटला प्लॅनिंग कमाल ८ तास, रिव्ह्यू ४, रेट्रो ३, आणि लहान स्प्रिंटला त्याहून कमी. दोन आठवड्यांना अर्धं धरून, रोजची पंधरा मिनिटं मिळवली तरी बेरीज १० तासांवर येते. वरचे साडेअकरा तास कुठून आले? सर्वांत जास्त रोजच्या बैठकीतून. तिथे मॅनेजर बसत, प्रत्येक जण त्यांच्याकडे तोंड करून "काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय" म्हणत असे, आणि ते मध्येच उलटतपासणी घेत. हे तीन प्रश्न स्क्रम गाइडने २०२० च्या आवृत्तीत काढून टाकले आहेत. ही बैठक डेव्हलपरांनी आपसांत दिवसाची आखणी करण्यासाठी आहे. इथे तो हजेरीपट झाला होता.

अजाइलच्या नावावर जे खपतं त्यातलं बरंच मूळ कागदात नाहीच. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि त्यांनी चार मूल्यांचा जाहीरनामा लिहिला. त्यात ना स्प्रिंट आहे, ना पॉइंट, ना उभ्याने बैठक. स्क्रम त्याआधीचं, केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये मांडलेलं. त्याच्या गाइडमध्येही स्टोरी पॉइंट आणि व्हेलॉसिटी हे शब्द नाहीत. ज्यांच्याकडे पॉइंटांचं जनकत्व जातं ते रॉन जेफ्रीज तर आपण ते काढले असतील तर त्याचा खेद वाटतो, असं म्हणून मोकळे झाले आहेत. २०११ मध्ये गाइडने स्प्रिंटच्या कामाबाबत 'वचन' हा शब्द काढून 'अंदाज' हा घातला. आपल्याकडे अजून "कमिट केलं होतंस ना?" चालूच आहे.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच घट्ट. १९७० च्या ज्या लेखावरून वॉटरफॉलची, म्हणजे एक टप्पा संपवूनच पुढचा घेण्याच्या पद्धतीची, ती पायऱ्यापायऱ्यांची आकृती जगभर पसरली, त्यात विन्स्टन रॉइस यांनी स्वतःच लिहिलं होतं की सगळी तपासणी शेवटाला ठेवणारी ती साधी रीत धोक्याची आहे. तेव्हा जुने लोक आधी सगळं लिहून मग बांधायचे आणि नवे लोक लिहीतच नाहीत, असा सामना लावणं म्हणजे दोन्ही बाजूंना न वाचता भांडणं.

आता काकांच्या ९,४५० रुपयांकडे. हे सप्टेंबरातलं, अॅप पहिल्या एजंटांच्या हाती गेल्यानंतरचं.

एजंटने दिवसभरात ८६ पावत्या केल्या होत्या. चाळीच्या आतल्या जिन्यात, बाहेर पाऊस, नेटवर्क येतंय-जातंय. त्याने बटण दाबलं, अॅपने ८६ पावत्या एकगठ्ठा सर्व्हरला पाठवल्या. सर्व्हरने त्या नोंदवल्या: एजंटच्या खात्याला नावे ९,४५०, ठेवीदारांच्या खात्यांना मिळून जमा ९,४५०. मग "मिळाल्या" असं उत्तर धाडलं. ते उत्तर वाटेत हरवलं. तीस सेकंद थांबून अॅपने समजूत करून घेतली की गठ्ठा पोचलाच नाही, आणि नेटवर्क आल्यावर तोच पुन्हा पाठवला. सर्व्हरला ती नवी वसुली वाटली. एजंटच्या नावे १८,९००, ठेवीदारांना जमा १८,९००. संध्याकाळी त्याने रोख ९,४५० भरले, बाकी राहिले ९,४५०. दोन्ही बाजू दुप्पट झाल्याने तेरीज बिचारी जुळणारच. तेरीज बेरजेतली चूक पकडते, दोनदा लिहिलेला खरा व्यवहार ती पकडत नाही, हे जुन्या कीर्द-खतावणीवाल्याला पाठ असतं. काकांना म्हणूनच ते पाच मिनिटांत दिसलं.

टेस्टिंगमध्ये का सुटलं? कार्डावर अट होती: 'इंटरनेट नसेल तर पावत्या साठवाव्यात, आल्यावर पाठवाव्यात.' टेस्टरने ऑफिसच्या वायफायवर फोन एअरप्लेन मोडला टाकला, पावत्या केल्या, मोड काढला, पावत्या गेल्या. पास. पण एअरप्लेन मोडमध्ये जाणं आणि येणं दोन्ही बंद होतं. खऱ्या चाळीत अर्धंच तुटतं: निरोप जातो, पोच येत नाही. ही अवस्था मुद्दाम घडवावी लागते. फोन आणि सर्व्हर यांच्या मध्ये प्रॉक्सी, म्हणजे निरोप इकडून तिकडे देणारा मध्यस्थ प्रोग्राम बसवायचा, सर्व्हरवर नोंद होऊ द्यायची आणि परतीचं उत्तर गिळायचं. ती चाचणी लिहायला एका डेव्हलपरला अर्धा दिवस लागला.

दुरुस्ती अशी केली. प्रत्येक पावतीला फोनवरच, पावती फाटण्याच्या क्षणी, एक कायमची ओळख द्यायची आणि सर्व्हरच्या तक्त्यात ती ओळख दुसऱ्यांदा घुसूच नये असं बंधन घालायचं. तीच पावती पुन्हा आली तर सर्व्हर नवी नोंद न करता पहिल्या नोंदीचा व्हाउचर नंबर परत पाठवतो. पहिल्या प्रयत्नात ओळख म्हणून एजंट क्रमांक, तारीख आणि चढता नंबर यांची जोडणी घेतली होती. ती फसली, कारण अॅप काढून पुन्हा टाकलं की नंबर १ पासून सुरू होई आणि त्या दिवसाच्या खऱ्या नव्या पावत्या जुन्या समजून नाकारल्या जात. शेवटी ओळखीसाठी यूयूआयडी (पुन्हा तोच येण्याची शक्यता जवळजवळ नसलेला लांबलचक क्रमांक) घेतला आणि माणसाने वाचायचा पावती नंबर वेगळा ठेवला.

आठवडाभराने दुसरा बिघाड, आणि तो एकदम निराळ्या जातीचा. दुसरा एजंट दादर स्टेशनाला लागून असलेल्या फुलबाजारात वसुली करतो. तिथला धंदा पहाटेचा, उजाडून ऊन चढेपर्यंत गल्ले आवरायला लागतात, म्हणून तो पाचला तिथे असतो. त्याच्या सगळ्या पावत्या सर्व्हर नाकारू लागला. कारण शाखेचा डे-बिगिन, म्हणजे सिस्टिममध्ये नवा दिवस उघडण्याचं काम, अधिकारी दहाला येऊन करतात, तोवर सर्व्हरच्या लेखी कालचीच तारीख चालू. आजच्या तारखेची पावती त्याच्या दृष्टीने भविष्यातली. एजंटने दोन दिवस वाट पाहिली आणि निमूट वही-पेन्सिलवर परत गेला. हेही कंपनीला उशिरा कळलं, कारण तक्रार करायची पद्धत त्याला कुणी सांगितलीच नव्हती.

१४० पानांत यावर एक ओळ होती: 'व्यवहार शाखेच्या चालू तारखेला नोंदवावेत.' डेव्हलपरने तिचं अक्षरशः पालन केलं. ते कागद मुख्य कार्यालयात बसून लिहिले गेले होते, आणि तिथे कुणीच पहाटे पाचला झेंडूवाल्यांमध्ये उभं राहिलेलं नव्हतं. मग एक डेव्हलपर कळव्याहून पहिली लोकल पकडून त्या एजंटबरोबर एक सकाळ फिरली. तिथे आणखी एक गोष्ट निघाली: बाजार रविवारीही चालतो, शाखा बंद असते. रविवारच्या पावतीवर व्याज रविवारपासून की सोमवारपासून? हा प्रश्न संस्थेने सोडवायचा होता. सचिवांनी दहा मिनिटांत सोडवला: पैसे एजंटच्या हातात पडले ती तारीख धरायची. पावतीची तारीख आणि कामकाजाची तारीख असे दोन रकाने झाले. डे-बिगिनच्या आधी आलेल्या पावत्या रांगेत थांबतात आणि दिवस उघडला की नोंदल्या जातात.

या दोन बिघाडांत फरक केला नाही तर अजाइलवरचा वाद कधीच संपणार नाही. फुलबाजाराची अडचण कितीही पानं लिहून सापडली नसती. ती वापरणाऱ्याच्या हातात वस्तू गेल्यावरच दिसते, आणि जूनमध्ये एका एजंटला नुसती पावती फाडणारं ओबडधोबड अॅप दिलं असतं तर जूनमध्येच दिसली असती. छोट्या टप्प्यांची बाजू इथे निर्विवाद आहे. दुप्पट नोंदीचं तसं नाही. नेटवर्कवरून पैशांचे व्यवहार पाठवायचे म्हटल्यावर उत्तर हरवणार, हे कुठल्याही अनुभवी माणसाला कागदावर दोन चौकोन आणि एक बाण काढल्यावर सुचतं. ते ठेवीदाराच्या पासबुकात सापडू देणं हा अभिप्राय नव्हे, हलगर्जीपणा आहे. "आम्ही अजाइल आहोत, डिझाइन आपोआप उमलेल" म्हणत टीमने पहिल्या दिवसाचा तो अर्धा तास वाचवला. मोबदल्यात आधीच्या सगळ्या दिवसांच्या नोंदी तपासून दुप्पट पावत्यांच्या उलट नोंदी टाकायला दोन जणांचे तीन दिवस गेले. हिशोबाची रचना, व्यवहाराची ओळख, तारखांचे नियम, कोणाला काय दिसावं याचे अधिकार: या गोष्टी नंतर बदलायला महाग पडतात, म्हणून आधी बसून ठरवाव्यात. बटण कुठे असावं, एजंटला आधी नाव दिसावं की खाते क्रमांक, हे बाजारात ठरू द्यावं. जाहीरनाम्यातही तपशीलवार दस्तऐवजांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला जास्त मोल दिलं आहे. दस्तऐवजांना शून्य मोल, असं तिथे कुठेही नाही.

टीमने मात्र शून्यच दिलं होतं. मुदतीआधी खातं मोडल्यास व्याज कसं कापायचं, हा नियम एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन निरोपांत विखुरला होता आणि त्यातले दोन एकमेकांशी भांडत होते. त्याऐवजी एका पानावर १४ उदाहरणं लिहिली: रोज १०० रुपये, पाचव्या महिन्यात खातं मोडलं, हातात किती, मधले वीस दिवस भरणा नाही, मग किती, खातेदार वारला, वारसाला किती. प्रत्येक उत्तर काकांनी हाताने काढून सही केली, आणि तीच १४ उदाहरणं स्वयंचलित चाचण्या झाली. असा एक कागद १४० पानांवर भारी पडतो.

करारावर सर्वांत जास्त डोकेफोड झाली. कंपनीतले मॅनेजर आधी म्हणाले की तारखेचा बदल गरजपत्रकात नाही, सबब बदल-अर्ज भरा, वेगळे पैसे. संस्थेचे सचिव म्हणाले, "साहेब, आमचा माणूस पहाटे पाचला जातो हे तुम्ही विचारलं का?" दोघांचंही चुकत नव्हतं. अजाइलचे प्रवचनकार इथे हमखास सांगतात की काम वाढेल-कमी होईल, महिन्याला बिल घ्या. पतसंस्थेत ते चालत नाही. खर्चाला संचालक मंडळाचा ठराव लागतो, ठरावात आकडा लागतो, आणि पुढे लेखापरीक्षक व वार्षिक सर्वसाधारण सभा दोघंही तो आकडा विचारतात. हा आक्षेप रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये.

तोडगा निघाला तो अदलाबदलीचा. रक्कम आणि शेवटची तारीख पक्की. कामांची यादी तीन भागांत: वसुली, नोंद, एजंटचं खातं आणि रोजचा अहवाल यांना हात लावायचा नाही, मधल्या भागातलं न सुरू झालेलं काम काढून तेवढ्याच आकाराचं दुसरं घालता येईल, उरलेलं पुढच्या वर्षी. अदलाबदलीला नोंदवहीत एक ओळ आणि सचिवांची सही पुरे. बदल-अर्ज रक्कम बदलणार असेल तरच. पूर्वी तीन सह्यांना दोन-तीन आठवडे जायचे, आता शुक्रवारच्या रिव्ह्यूतच सही होते. रिव्ह्यू अंधेरीतून उचलून लालबागच्या शाखेत, काउंटर बंद झाल्यावर, साडेचारला घ्यायला लागल्यामुळे हे जमलं.

बोर्डावर हातातली आणि टेस्टिंगमधली मिळून ९ कार्डांची मर्यादा घातली. नऊ भरली की नवं घ्यायचं नाही, अडलेलं सोडवायचं. डेव्हलपरांना टेस्टिंगला बसावं लागलं, दोघांनी नाकं मुरडली. 'झालं' याचा अर्थ बदलला: किमान एका एजंटच्या फोनवर दोन दिवस चाललेलं. लगेच व्हेलॉसिटी ५८ वरून ३३ वर आली आणि मॅनेजरांचा चेहरा पडला. बाहेर पडणारी कार्डं मात्र ६ वरून ७ झाली, आणि रांग ९ असल्याने वाट पाहणं आठ आठवड्यांवरून अडीच-तीन आठवड्यांवर आलं. रविवारच्या मेगाब्लॉकसारखा चार तास चालणारा हाताने करायचा रिलीज (नवी आवृत्ती शाखांत बसवण्याचं काम) मोडून ते आपोआप करणारी स्क्रिप्ट बसवली. तिला महिना लागला, आणि त्या महिन्यात एजंटांना नवीन काही मिळालं नाही, हेही नोंदवायला हवं. ऑक्टोबरात लालबागचे सहाही एजंट आले, जानेवारीअखेर उरलेल्या सात शाखा.

मार्चमध्ये एक वाद उरला. सचिवांनी लेखी मागितलं की २० मार्च ते ५ एप्रिल कुठल्याही शाखेत नवं काही जाणार नाही. वर्षअखेरीचे हिशोब चालू असताना प्रयोग नकोत. टीममधले कट्टर म्हणाले की रिलीजविना स्प्रिंट म्हणजे अजाइल नव्हे. अट मान्य झाली. त्या दिवसांत टेस्टर मॅडम लालबागला काकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि ते कशाकशावर थबकतात ते लिहीत गेल्या. अकरा गोष्टी निघाल्या. पहिली होती: डे-एंडला प्रत्येक एजंटचं येणे शून्य आहे का ते दाखवा, नसेल तर दिवस बंद होऊ देऊ नका. हे कार्ड सप्टेंबरपासून बोर्डावर होतं आणि मूळ बिघाड दुरुस्त झालाय म्हणून तीनदा खाली सरकलं होतं. त्यावर ५ पॉइंट लिहिलेले होते. एप्रिलच्या पहिल्या स्प्रिंटमध्ये ते दीड दिवसात झालं.